राणीछाप रुपया खरंच चांदीचा आहे का? घरच्या काट्यावर घनता कशी मोजायची आणि उत्तरापुढे ± किती लिहायचं

लक्ष्मीपूजनाला बऱ्याच घरांत एखादा राणीछाप रुपया बाहेर निघतो, आजीने जपलेला, हळदीकुंकवाने माखलेला, आणि मग दरवर्षी कोणीतरी विचारतंच, हा खरा चांदीचा आहे का हो? मग कोणी तो फरशीवर वाजवून बघतं, कोणी लोहचुंबक लावतं, आणि विषय तिथेच राहतो. खरं तर हे घरी बसून बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं, पाचसहाशे रुपयांचा पॉकेट वजनकाटा, एक पेला पाणी आणि वीतभर तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) एवढ्या सामानावर. फक्त एक अट आहे, नुसती घनता काढून थांबायचं नाही, तो आकडा किती इकडेतिकडे असू शकतो हेही काढायचं. कारण "घनता १०.३ आली" या वाक्यातून काहीच ठरत नाही. १०.३ ± ०.१ असेल तर एक अर्थ आणि १०.३ ± १ असेल तर दुसराच, दुसऱ्या बाबतीत तर तुम्ही मोजलं काय आणि नाही मोजलं काय सारखंच.

म्हणून मोजायच्या आधी प्रश्न नक्की करा. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया म्हणजे ११.६६ ग्रॅम, बरोबर एक जुना तोळा (आज दुकानात दहा ग्रॅमला तोळा म्हणतात तो नव्हे). त्यात ९१.७ टक्के चांदी, बाकी तांबं. चांदीची घनता १०.४९ आणि तांब्याची ८.९६ ग्रॅम/सीसी, त्यामुळे या मिश्रणाची १०.३४ च्या आसपास येते. १९४० पासून सरकारने चांदी कमी करून ५० टक्क्यांवर आणली आणि उरलेल्यात तांबं, निकेल, जस्त घातलं, त्या रुपयाची हिशोबाने ९.५ च्या जवळ येते. १९४७ चा रुपया तर निकेलचा, ८.९, आणि तो चुंबकाला चिकटतोच. पितळेचं नकली नाणं ८.४ ते ८.७ मध्ये येईल. म्हणजे आपल्याला १०.३ आणि ९.५ यातला फरक ओळखायचाय, आठ टक्क्यांचा फरक. मोजमाप एक टक्क्याच्या आत आलं तर काम फत्ते. पाच टक्क्यांचं आलं तर नाही.

पट्टीने किंवा मेजरिंग सिलिंडरने का नाही

शाळेत शिकलेल्या दोन पद्धती सगळ्यांना आठवतात. एक, व्हर्नियरने व्यास आणि जाडी मोजून आकारमान काढायचं. गुळगुळीत गोळी, घन, दांडा असेल तर ही झकास पद्धत आहे, पण नाण्यावर राणीचा मुखवटा, अक्षरं, फुलंपानं, आणि कड उंच. व्हर्नियरचे जबडे कडेवर टेकतात, मधला खोलगट भाग त्यांना दिसतच नाही, त्यामुळे जाडी जास्त येते, आकारमान फुगतं आणि घनता कमी येते. खरी चांदी असून नाणं नकली ठरायचं.

दुसरी, सिलिंडरमध्ये पाणी घेऊन नाणं टाकायचं आणि पातळी किती चढली ते बघायचं. रुपयाचं आकारमान साधारण १.१ सीसी आहे. १०० मिलीच्या सिलिंडरवर एक एक मिलीच्या रेघा असतात आणि नजरेने अर्धा मिली वाचता आला तरी खूप झालं. १.१ मध्ये ०.५ चा घोळ म्हणजे जवळपास निम्मं उत्तर हवेत. मूठभर मोठा दगड असेल तर सिलिंडर चालतो, नाण्याला अजिबात नाही.

तेव्हा पाण्याची पातळी बघायची नाही, बाजूला सरलेल्या पाण्याचं वजन करायचं. आर्किमिडीजच्या मुकुटाच्या गोष्टीत तो टबातून सांडलेलं पाणी बघतो असं सांगतात, पण वजनावरून काम करणं कितीतरी जास्त बारीक होतं हे गॅलिलिओने १५८६ मध्ये, बाविशीत असतानाच ओळखलं होतं आणि त्यासाठी खास तराजूचं वर्णन लिहून ठेवलं. आपला डिजिटल काटा त्याच वाटेवरचा आहे.

मांडणी

काटा ०.०१ ग्रॅम दाखवणारा हवा, २०० ग्रॅम क्षमतेचा मिळतो तो पुरतो. किचनमधला एक ग्रॅमचा काटा नाण्यासाठी उपयोगाचा नाही. पेला हलका प्लास्टिकचा घ्या, पाण्यासकट सगळं मिळून १५० ग्रॅमच्या आत राहील असा, कारण काच जड असते आणि काट्याची क्षमता त्यातच संपते. काट्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या उंचीचे दोन डबे ठेवा आणि त्यांच्यावर आडवी फूटपट्टी. ही पट्टी पेल्याला किंवा काट्याला कुठेही टेकता कामा नये. नाणं या पट्टीवरून तंगूसने पाण्यात लोंबणार आहे.

सुती दोरा घेऊ नका, तो पाणी शोषतो आणि ते पाणी दोऱ्यावरून वर चढत राहतं, काट्यावरचा आकडा ठरतच नाही. ०.२ मिमीचं तंगूस घेतलं तर पाण्यात बुडालेल्या तीन सेंटिमीटर तुकड्याचं आकारमान ०.००१ सीसीच्या आतबाहेर, आपल्या काट्याला ते दिसणारही नाही. नाण्याला पार्सलसारखी आडवी उभी एक एक फेरी घालून वर गाठ मारा.

पाणी उकळून झाकून गार केलेलं घ्या. नळाचं ताजं पाणी घेतलं की पाचदहा मिनिटांत नाण्यावर बारीक बारीक बुडबुडे जमतात, कारण पाण्यात विरघळलेली हवा बाहेर येते, आणि बुडबुडा हाच या सगळ्या प्रकारातला मोठा शत्रू आहे. दोन मिलिमीटर व्यासाचा एक बुडबुडा म्हणजे ०.००४ सीसी, आणि आपलं एकूण आकारमानच १.१, म्हणजे एका बुडबुड्याने जवळजवळ ०.४ टक्के उत्तर खाली आलं. बुडबुडा नेहमी घनता कमीच दाखवतो, जास्त कधीच नाही, हे लक्षात ठेवा. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा अगदी एक थेंब टाका, पाणी नाण्याला नीट चिकटतं आणि तंगूसभोवती पाण्याचा जो पातळ पदर वर चढतो त्याची ओढही कमी होते.

पाणी खोलीत दोनतीन तास ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पंखा बंद. पंख्याच्या वाऱ्याने ०.०१ चा काटा नाचत राहतो आणि पाणी उडून जातं ते वेगळंच.

नाण्याबद्दल एक कळकळीची विनंती, ते चिंच, टूथपेस्ट किंवा पितांबरी लावून घासू नका. घासलेल्या नाण्याची जुनं नाणं म्हणून किंमत पडते आणि ती परत येत नाही. कोमट पाण्यात बुडवून ठेवा, हळदकुंकू सुटू द्या, मऊ सुती कापडाने टिपा आणि पूर्ण कोरडं होऊ द्या.

प्रत्यक्ष मोजणी

बहुतेक ठिकाणी सांगतात की आधी नाणं कोरडं तोला, मग काटा शून्य करून पाण्यात सोडा, वाचा, बाहेर काढा, पुसा, परत करा. यात अडचण अशी की ओलं नाणं बाहेर काढताना पेल्यातलं पाणी घेऊन जातं, आणि बुडबुडे झटकायला आधी दुसरीकडे बुडवून आणलं तर पेल्यात जास्तीचं पाणी घालतं. एक थेंब साधारण ०.०५ ग्रॅमचा असतो आणि तेवढ्याने चारपाच टक्के घोळ होतो. म्हणून मला पुढची पद्धत सगळ्यात जास्त आवडते, हिच्यात नाणं एकदा पाण्यात गेलं की बाहेर यायचंच नाही.

पेल्यात पाणी भरून काट्यावर ठेवा आणि काटा शून्य करा. आता कोरडं नाणं तंगूससकट हळूच पाण्यात सोडा आणि तळाला टेकू द्या, तंगूस ढिलं राहू दे. काट्यावर जो आकडा येईल ते नाण्याचं पूर्ण वजन, कारण नाणं पाण्यात असलं तरी त्याचा सगळा भार शेवटी पेल्यावरच येतो. समजा ११.४८ आलं. (११.६६ नाही आलं म्हणून घाबरू नका, शंभर दीडशे वर्षं हाताळून नाणं झिजतं. वजनावरून खरंखोटं ठरवणाऱ्यांचं इथेच चुकतं, झीज झाली तरी घनता तीच राहते, हीच तर घनतेची मजा आहे.)

आता तंगूस वर ओढून पट्टीवर चिकटपट्टीने अडकवा, नाणं तळापासून उचललं गेलं पाहिजे, पण पूर्ण पाण्याखाली हवं आणि पेल्याच्या भिंतीला कुठेही लागता कामा नये. आकडा धाडकन खाली येईल, समजा १.११. नाण्याचा भार आता पट्टी पेलतेय, पण नाणं जेवढं पाणी बाजूला सारतंय तेवढ्याचं वजन मात्र पेल्यावर येतंय. तर १.११ ग्रॅम हे नाण्याएवढ्या आकारमानाच्या पाण्याचं वजन.

तंगूस थोडं हलवून नाण्याला पाण्यातच एकदोन झटके द्या, बुडबुडे सुटतील, मोबाइलचा टॉर्च बाजूने मारून बघा, अक्षरांच्या खाचांत चकाकणारे ठिपके दिसले तर ते बुडबुडेच. मग परत तळाला टेकवा, वाचा, परत उचला, वाचा. असं पाचसहा वेळा. प्रत्येक वेळी दोन्ही आकडे कागदावर लिहा, मनात नको. तळाला टेकवल्यावरचा आकडा ११.४८ वरून ११.४७, ११.४६ असा घसरायला लागला तर समजा पाणी उडतंय, काटा शून्यावरून सरकलाय, पहिल्यापासून सुरू करा. म्हणजे तळाचा आकडा आपोआप राखणदारी करतो. काही स्वस्त काटे मिनिटभरात स्वतःहून बंद होतात, तसा असेल तर सेटिंगमध्ये ऑटो ऑफ बंद करता येतं का बघा, नाहीतर हात जरा चटपटीत चालवावा लागतो.

पाण्याचं तापमान लिहून ठेवा, साधा थर्मामीटर पुरतो. शुद्ध पाण्याची घनता २० अंशांना ०.९९८२, २५ ला ०.९९७०, ३० ला ०.९९५७ आणि ३५ ला ०.९९४० ग्रॅम/सीसी. आपल्याकडे उन्हाळ्यात सरळ "पाणी म्हणजे १" धरलं तर अर्ध्या टक्क्याची चूक फुकटात पदरात पडते, तर धरू नका.

सूत्र एवढंच:

घनता = (तळाचा आकडा ÷ लोंबतानाचा आकडा) × पाण्याची घनता

यात एक छान गोष्ट लपलेली आहे. काटा सरसकट एक टक्का जास्त दाखवत असेल तर वरचा आकडाही एक टक्का जास्त आणि खालचाही, भागाकारात दोन्ही कटतात. म्हणून या कामाला प्रमाणित वजनं आणून काटा कॅलिब्रेट करत बसायची फारशी गरज नाही. गरज आहे ती काट्याने छोटा आकडा खरा दाखवायची.

हिशोब, आकड्यांसकट

समजा लोंबतानाचे सहा आकडे आले: १.१०, १.११, १.११, १.१२, १.१०, १.१०. सरासरी १.१०६७. तळाचा आकडा सगळ्या वेळी ११.४८. पाणी ३० अंश.

११.४८ ÷ १.१०६७ = १०.३७३. गुणिले ०.९९५७ = १०.३३.

आपण हवेत बसलोय आणि हवाही थोडं उचलून धरते, त्याचा हिशोब करायचा असेल तर पाण्याच्या घनतेतून हवेची घनता (सुमारे ०.००१२) वजा करा, गुणाकार करा आणि शेवटी ०.००१२ मिळवा. १०.३७३ × ०.९९४५ + ०.००१२ = १०.३२. फरक पडला ०.०१ चा. आपल्या पातळीवर केला काय आणि नाही केला काय, पण दोन ओळींचं काम आहे, करून टाका.

आता खरं काम, ± कुठून कुठून येतो ते एक एक करून बघायचं.

पहिलं, आकड्यांची आपसातली फेकाफेक. सहा आकड्यांचं प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) काढा, मोबाइलच्या स्प्रेडशीटमध्ये एका फॉर्म्युल्यात निघतं, ते ०.००८२ येतं. आपण सरासरी वापरतोय म्हणून √६ ने भागा: ०.००३३ ग्रॅम.

दुसरं, काट्याची शेवटची पायरी. १.११ दिसतं तेव्हा खरं वजन १.१०५ ते १.११५ मध्ये कुठेही असू शकतं आणि आतला कुठलाच आकडा जास्त लाडका नाही. अशा वेळी अर्धी पायरी घेऊन √३ ने भागायची रीत आहे: ०.००५ ÷ √३ = ०.००२९. पण शून्य करतानाही हीच गोलाई झाली होती, तर दोन वेळची मिळून √२ ने गुणा: ०.००४१ ग्रॅम. कोणी म्हणेल की सहा आकडे इकडेतिकडे पडलेत त्यातच ही गोलाई थोडी आली, दोनदा का धरता? बरोबर आहे, थोडी दोनदा धरली जाते. पण कमी धरण्यापेक्षा थोडी जास्त धरलेली बरी, आणि सहाच्या सहा आकडे १.११ आले असते तर फेकाफेक शून्य निघाली असती, तेव्हा हीच ओळ आपल्याला खोट्या आत्मविश्वासापासून वाचवते.

तिसरं, न दिसलेले बुडबुडे, तंगूसची ओढ, असलं सगळं. हे मोजून येत नाही, अंदाजाने मर्यादा घालावी लागते. टॉर्च मारून बघितल्यावर एखादा दीडदोन मिलिमीटरचा बुडबुडा सुटला असेल असं धरून ±०.००५ म्हणा, √३ ने भागून ०.००२९ ग्रॅम.

हे तिन्ही सरळ बेरजेने मिळवायचे नाहीत. एकाच वेळी तिन्ही एकाच दिशेला टोकाला जातील ही शक्यता कमी असते, म्हणून वर्ग करून, बेरीज करून, वर्गमूळ: √(०.००३३² + ०.००४१² + ०.००२९²) = ०.००६० ग्रॅम. १.१०६७ च्या तुलनेत हे ०.५४ टक्के.

चौथं, तळाचा आकडा. तिथेही गोलाई ०.००४१ च आहे, पण ती ११.४८ च्या पोटात, म्हणजे फक्त ०.०४ टक्के. पाचवं, पाण्याची घनता. तापमान एक अंशाने चुकलं तर ३० अंशांच्या आसपास ०.०३ टक्के, आणि बोअरचं जड पाणी असेल तर क्षारांमुळे आणखी तेवढंच. दोन्ही मिळून ०.०५ धरू.

परत वर्ग, बेरीज, वर्गमूळ: √(०.५४² + ०.०४² + ०.०५²) = ०.५४ टक्के. बघा, चौथ्या पाचव्याने दुसऱ्या दशांशालाही धक्का लागला नाही. सगळी अनिश्चितता त्या एका छोट्या आकड्यात बसलीये, १.११ मध्ये. मी हे पुन्हा पुन्हा सांगत असतो कारण लोक डिस्टिल्ड वॉटर आणायला मेडिकलमध्ये पळतात, थर्मामीटरचा दशांश बघत बसतात, आणि इकडे नाणं पेल्याच्या भिंतीला टेकलेलं असतं. लक्ष जिथे द्यायचं तिथे द्या.

१०.३२ चे ०.५४ टक्के म्हणजे ०.०५६. ही झाली प्रमाण अनिश्चितता, यात खरं उत्तर सापडायची शक्यता साधारण तीनात दोन. प्रयोगशाळांच्या सर्टिफिकेटवर सहसा याची दुप्पट लिहितात, म्हणजे साधारण ९५ टक्के भरवसा. आपणही दुप्पट करू.

घनता = १०.३२ ± ०.११ ग्रॅम/सीसी (कव्हरेज फॅक्टर २)

ही कंसातली गोष्ट लिहायला विसरू नका, नाहीतर वाचणाऱ्याला कळत नाही की तुमचा ± एकपट आहे की दुप्पट. आणि कॅल्क्युलेटरवर १०.३१७३ दिसलं म्हणून सगळे दशांश उतरवायचे नाहीत, ± चे दोन अंक ठेवा आणि उत्तर तेवढ्याच दशांशापर्यंत कापा.

मग नाणं खरं का?

आपली रेंज १०.२१ ते १०.४३. ९१.७ टक्केवाल्याचे १०.३४ आत बसतात. ५० टक्केवाल्याचे ९.५ कुठल्या कुठे राहिले, पितळ, निकेल, जर्मन सिल्व्हर (तांबं, निकेल, जस्ताचं मिश्रण, नावात सिल्व्हर असलं तरी चांदी नसते) सगळे बाद. इथपर्यंत छातीठोक सांगता येतं.

पण ९२.५ टक्के चांदीची घनता १०.३६ येते, तीही आत बसते. तर हे नाणं ९१.७ चं की ९२.५ चं हे या मोजमापाने सांगता येत नाही, आणि कोणी घरच्या काट्यावर घनता मोजून चांदीचा टक्का सांगत असेल तर त्याला त्याचा ± विचारा. चांदीतांब्याच्या मिश्रणात एक टक्का चांदी बदलली तर घनता फक्त ०.०१७ ने हलते, त्यामुळे आपला ±०.११ म्हणजे चांदीच्या टक्क्यात ±६.

घरात पाच सारखे रुपये असतील तर एकत्र बांधून मोजा. लोंबतानाचा आकडा साडेपाच ग्रॅमवर जातो, काट्याची पायरी तेवढीच राहते, आणि ± एकदम तिपटीने खाली येतो. फक्त बुडबुडे पाच नाण्यांच्या मध्ये अडकतात, त्यामुळे नाणी एकमेकांना चिकटू देऊ नका. आणि जे उत्तर येईल ते पाचांचं मिळून असेल, त्यात एखादं खोटं असलं तर घनता घसरलेली दिसेल पण कोणतं ते दिसणार नाही, तेव्हा संशय आला की एक एक सोडवून मोजणं आलंच.

आणखी एक खबरदारी. शिशात सतराएक टक्के कथील मिसळलं तर त्याचीही घनता १०.३४ च्या आसपास येते. घनता जुळली म्हणजे धातू जुळलाच असं नाही, न जुळली तर मात्र नक्की नाही. अशा शिशाच्या नाण्याला नख लागतं आणि ते वाजवलं तर बद्द वाजतं, म्हणून बंदा रुपया खणकन वाजतो का बघायची जुनी पद्धत घनतेच्या जोडीला ठेवा. दोन्हीत पास झालं तर मग शंकेला फार जागा उरत नाही.

पद्धतीचीच परीक्षा

तुमची मांडणी बरोबर चालतेय का हे कळायला एक इंचाची स्टीलची बेअरिंगची गोळी आणा, गॅरेजात किंवा बेअरिंगच्या दुकानात मिळते. तिचा व्यास व्हर्नियरने मोजा, २५.४० मिमी असेल तर आकारमान ८.५८ सीसी. गोळीचं आकारमान व्यासाच्या घनावर चालतं, त्यामुळे व्यासात ०.०५ टक्के चूक असेल तर आकारमानात तिप्पट, ०.१५ टक्के. तरी हे चांगलंच म्हणायचं. मग तीच गोळी पाण्यात लोंबकळवून मोजा. गोल गोळीला नुसतं तंगूस धरत नाही, बारीक तारेची छोटी टोपली करा, पण मग टोपलीचं वजन आणि आकारमान दोन्ही वेगळं मोजून वजा करावं लागतं. दोन्ही पद्धतींनी घनता ७.८ च्या आसपास यायला हवी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन्ही उत्तरं एकमेकांच्या ± मध्ये बसायला हवीत.

नाही बसली तर? तर काहीतरी आहे जे तुमच्या यादीत नाही. ते दाबून टाकू नका. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले नायट्रोजनची घनता मोजत होते तेव्हा हवेतून काढलेला वायू एका काचेच्या गोळ्यात २.३१० ग्रॅम भरत होता आणि रासायनिक पद्धतीने बनवलेला २.२९९ ग्रॅम. अर्ध्या टक्क्याचा फरक, कोणीही सोडून दिला असता. पण त्यांना आपल्या मोजमापाचा ± माहीत होता आणि तो याहून कितीतरी लहान होता, म्हणून ते मागे लागले, आणि १८९५ मध्ये आर्गॉन जगासमोर आला. स्वतःचा ± माहीत नसता तर हवेतला हा अख्खा वायू "मोजण्यातला फरक" म्हणून गेला असता.

नाण्यासारख्या न वागणाऱ्या वस्तू

तरंगणारी वस्तू, लाकूड किंवा मेण, असेल तर तिच्याखाली जड काहीतरी बांधा, बेअरिंगची गोळी चालेल. आधी नुसती गोळी लोंबतानाचा आकडा घ्या, मग दोन्ही मिळून, वजाबाकी म्हणजे लाकडाने सारलेलं पाणी. इथे वजाबाकीचे दोन आकडे आहेत, दोघांची अनिश्चितता वर्ग करून मिळवायची. लाकूड पाणी पितं, तेव्हा आधी वॉर्निशचा किंवा मेणाचा पातळ हात द्या आणि पटकन वाचा.

पाण्यात विरघळणाऱ्या वस्तूंना तेल. सैंधवाचा खडा किंवा खडीसाखर शेंगदाणा तेलात मोजता येते. तेलाची घनता कुठे शोधायची नाही, स्वतः काढायची: तीच गोळी आधी पाण्यात लोंबवा, मग कोरडी करून तेलात, तेलातला आकडा भागिले पाण्यातला आकडा, गुणिले पाण्याची घनता म्हणजे तेलाची घनता, ०.९१ च्या आसपास येईल. शुद्ध मिठाची २.१६५ आणि साखरेची १.५९ ही माहीत असलेली उत्तरं आहेत, त्यामुळे मुलांना शिकवायला हा प्रयोग फार चांगला, उत्तर जुळतंय का नाही हे त्यांना स्वतःला कळतं.

सगळ्यात जास्त विचार करायला लावतात ते दगड. सह्याद्रीचा घट्ट काळा पाषाण घेतलात तर सरळ मोजता येतो, २.८ ते ३.० मध्ये येतो, आणि मूठभर तुकडा घेतला तर सारलेलं पाणी शंभर ग्रॅमच्या घरात, ± अगदी लहान. पण त्याच बेसॉल्टचा भोकाभोकांचा तुकडा किंवा कोकणातला जांभा घेतला की लोंबतानाचा आकडा खाली घसरतच राहतो, दगड पाणी पितोय. इथे काटा चांगला की वाईट हा प्रश्नच नाही, आधी ठरवा की तुम्हाला कशाची घनता हवीये, भोकं धरून अख्ख्या दगडाची की भोकं सोडून.

दोन्ही काढायची असेल तर तीन वजनं लागतात. दगड ओव्हनमध्ये १०० ते ११० अंशांना वाळवून गार झाल्यावर कोरडं वजन. मग २४ तास पाण्यात भिजवून, ओल्या फडक्याने फक्त वरची चकाकी टिपून, मुरलेल्या पाण्यासकट वजन. मग तोच भिजलेला दगड पाण्यात लोंबवून सारलेल्या पाण्याचं वजन. बांधकामाच्या खडीसाठीच्या भारतीय मानकात, आयएस २३८६ च्या तिसऱ्या भागात, हेच चोवीस तास भिजवणं सांगितलंय. कोरडं वजन भागिले सारलेलं पाणी म्हणजे भोकांसकट घनता. भिजलेल्यातून कोरडं वजा केलं की भोकांत शिरलेलं पाणी, तेवढं सारलेल्या पाण्यातून कमी करून भागलं की भोकं सोडून घनता. अर्थात दोन्ही वेळा पाण्याच्या घनतेने गुणायचं.

जांभ्याच्या बाबतीत काट्याचा ±०.०१ विसरून जा. फडक्याने किती टिपलं यावर एकदोन ग्रॅम सहज इकडचे तिकडे होतात, एक माणूस जरा जोरात टिपतो, दुसरा हलकं. म्हणून टिपायचं काम दोघातिघांना वेगवेगळं करायला द्या, प्रत्येक वेळी दगड परत भिजवून, आणि त्यांच्या आकड्यांत जेवढी फेकाफेक दिसेल तीच तुमची मुख्य अनिश्चितता म्हणून लिहा. शिवाय एका दगडाची घनता म्हणजे खाणीतल्या जांभ्याची घनता नव्हे, शेजारचा चिरा वेगळा निघतो. पाचसात तुकडे मोजा आणि तुकड्यातुकड्यातला फरक वेगळ्या ओळीत लिहा, मोजण्याच्या ± मध्ये मिसळू नका, कारण मोजण्याचा ± चांगला काटा आणून कमी करता येतो, दगडादगडातला फरक आहे तेवढाच राहणार.